झालं, बंद केलं

मंगळवार

वही लिहायची हौस मला नाही. संस्थेतल्या चष्मेवालीनं सगळ्यांच्या हातात एकेक वही दिली आणि म्हणाली, मनात येईल ते लिहा, कोणी वाचणार नाही. मी म्हटलं, कोणी वाचणारच नसेल तर लिहायचं कशाला? सगळे हसले. मी विनोद केला नव्हता.

तर लिहिते. शिक्षण चौथी, तीही शेवटपर्यंत नाही. मोठ्या लॉन्ड्रीत कामाला आहे. दवाखान्यांच्या, हॉटेलांच्या चादरी येतात, त्या आम्ही धुतो, पिळतो, इस्त्रीच्या रुळाखालून काढतो. माझी थोरली बहीणही तिथंच. ती माल सुटायच्या दारावर उभी राहते आणि कुठला गठ्ठा कुठल्या गाडीत ते ओरडून सांगते. एवढ्या मशिनांच्या धडधडीत तिचा एकटीचा आवाज पार मागच्या बॉयलरपर्यंत जातो. मॅनेजर म्हणायचा, भोंगा बिघडला तरी चालेल, ही बिघडायला नको.

ती बिघडली. घशात गाठ आहे. साधी नाही. डॉक्टर म्हणाले, स्वरयंत्र काढावं लागेल. नाही काढलं तर ताई जाईल, काढलं तर आवाज जाईल. मी विचारलं, परत कधी येईल? डॉक्टरांनी पेनाला टोपण लावलं. तेव्हा कळलं.

ताईला लिहिता येत नाही. शाळेचं तोंडही तिनं पाहिलेलं नाही, मला पाठवायचं म्हणून ती घरी राहिली. लिहिता न येणाऱ्या बाईचं बोलणं काढून घेतलं तर मागं काय राहतं?

ती ऑपरेशनला नाही म्हणते. "मुकी होऊन जगण्यापेक्षा बोलत बोलत मरते," म्हणते. मी आठवडाभर भांडले. पायाही पडून झालं. ऐकत नाही. शेवटी तोंडाला आलं ते बोलून गेले, "तुझा आवाज मी ठेवून घेते. सिनेमात धरून ठेवते. मग तर काढशील ना गाठ?"

ती म्हणाली, "आधी धरून दाखव."

म्हणून मी संस्थेची पायरी चढले. ही चष्मेवाली मागं एकदा लॉन्ड्रीत आली होती, ज्यांच्या हातात कधी कॅमेरा आला नाही अशांना आम्ही सिनेमा करायला शिकवतो असं सांगायला. तेव्हा मी तिला म्हटलं होतं, चादरी झटकण्यात कसला आलाय सिनेमा, वाऱ्याला उभ्या राहू नका, फेस उडतोय. आज तिनं मला लगेच ओळखलं. म्हणाली, "या मावशी, तुमचीच वाट बघत होते." मी कोणाची मावशी नाही. पण गरज मला होती, गप्प बसले.

गुरुवार

संस्था म्हणजे टायरच्या दुकानावरच्या दोन खोल्या. रबराचा वास जिन्यापासून. एका खोलीत खुर्च्या आणि भिंतीवर पांढरा पडदा, दुसऱ्या खोलीत कपाट. कपाटात बाकी सगळं जुनंपुराणं, धड कॅमेरा एकच. तो पाळीपाळीनं घरी न्यायचा. पहिली पाळी मी मागून घेतली. माझ्यामागं एक शिंपीण आहे. तिला ऐकू येत नाही, बोलता येत नाही. ती तिच्यासारख्या बायकांवर सिनेमा करणार आहे, सगळा हातांचा. मला बघून तिनं हात जोडले. मीही जोडले. पुढं काय करायचं ते दोघींनाही कळेना.

इथली एक रीत आहे. घेतलेलं चित्र लगेच बघायचं नाही. सगळं घेऊन झालं की सगळ्यांनी मिळून पडद्यावर बघायचं. चष्मेवाली म्हणते, लोक आधी बघतात, मग आपलं नाक असं काय, पोट असं काय करत पुसायला लागतात. मागच्या वेळी एका बाईनं स्वतःला पुसता पुसता सगळा सिनेमाच पुसला. मला पटलं. घाण धुवायच्या आत निवडत बसलं की काम होत नाही.

मग ती बटण समजवायला लागली. मी म्हटलं, बाई, मशीन मला नका शिकवू. आमच्या पिळायच्या मशिनला दोन दिवे असतात. हिरवा म्हणजे फिरतंय, हात लांब. लाल म्हणजे थांबलंय, आता दार उघड. लाल दिसल्याशिवाय दाराला हात लावायचा नाही. ज्यांनी लावला त्यांची बोटं कुठं गेली ते मी पाहिलंय. ह्या कॅमेऱ्यालाही तेच दोन दिवे आहेत, त्यात शिकायचं काय? ती म्हणत होती, "नाही मावशी, इथं जरा..." तेवढ्यात आमच्याबरोबर शिकणाऱ्या एका लिफ्टवाल्यानं तिपाई पाडली आणि ती तिकडं धावली. लिफ्टवाल्याच्या हाताला काही टिकेल असं वाटत नाही.

शनिवार

कामावरून आल्यावर ताईला पलंगावर बसवलं. आमच्या खोल्या शेजारी शेजारी, मधे फळ्यांची भिंत. ह्या बाजूला शिंकलं की त्या बाजूला कळतं. ताई रोज पहाटे भिंतीवर थाप मारून मला उठवते. "ए म्हशी, ऊठ, पाणी जाईल!" घड्याळाचा गजर मी जन्मात लावलेला नाही.

कॅमेरा चालू केला. हिरवा लागला. म्हटलं, "बोल."

"काय बोलू?"

"काहीही बोल."

"काहीही काय? मी रेडिओ आहे?"

मग जी बसली, ओळखपत्राच्या फोटोला बसतात तशी. हनुवटी वर, हात मांडीवर, ओठ शिवल्यासारखे. मी म्हटलं, लहानपणीचं सांग. म्हणाली, "होतं लहानपण." म्हटलं, आईचं सांग. म्हणाली, "चांगली होती." दगडाला पान्हा फुटेल एखादवेळ, हिला नाही.

कंटाळून बटण दाबलं, लाल दिवा बघितला, "झालं, बंद केलं" म्हटलं आणि कॅमेरा पलंगावर टाकला. तशी हिची जीभ सुटली! मॅनेजरच्या बायकोचा झगा हॉटेलच्या गठ्ठ्यात कसा सापडला आणि तो हिनं दारावर उभं राहून वर धरून "हा कुठल्या खोलीचा हो?" असं कसं विचारलं, ते सगळं हातवारे करून सांगितलं. हसता हसता खोकली. आवाज खरखरीत झालाय, कीस काढल्यासारखा, पण हसणं तेच. मी कपाळावर हात मारला. चालू असताना मौनव्रत आणि बंद केल्यावर कीर्तन.

बुधवार

रोज हेच. हिरवा लागला की पुतळा. लाल लागला की बडबड. आज तर ती मला म्हणाली, "तो डोळा बंद कर, मग सांगते." मी म्हटलं, "अगं बंद केल्यावर सांगून काय उपयोग, नकटे?" म्हणाली, "उपयोगाचं मी काय बोलले आहे आजवर?"

कॅमेऱ्याची बॅटरीही लबाड. पंधरा मिनिटं चालवते आणि बाकी वेळ नुसता लोळत पडलेला असतो, तरी सकाळी संपलेली. काम न करता थकणारी माणसं पाहिली होती, मशीन पहिलंच. पडद्याच्या कोपऱ्यात आकडे पळत असतात, इंग्रजी अक्षरं असतात. मला ती लागत नाहीत. मी दिवा बघते.

शुक्रवार

ऑपरेशनची तारीख मिळाली. पुढच्या गुरुवारी. डॉक्टरांनी ताईला विचारलं, तयारी आहे ना? तिनं माझ्याकडे बोट केलं. "हिला विचारा. हिनं माझा आवाज डब्यात भरून ठेवायचं कबूल केलंय." डॉक्टर हसले. मला घाम फुटला.

खोटं कशाला लिहू, कोणी वाचणार नाही. माझ्याकडे तिचे चार शब्द नाहीत. "होतं", "चांगली होती", "बस झालं", "पाय आखडले." ह्याला आवाज धरणं म्हणतात? आणि हिनं अजून सही केलेली नाही. अंगठा लावायचा आहे. माझ्यावर भरवसा ठेवून लावणार आहे.

रविवार

माझी पाळी काल संपली. कॅमेरा दिला नाही.

आज शिंपीण दारात. हातात चिठ्ठी, "माझी पाळी आहे. कॅमेरा द्या." मी दोन्ही हात जोडले, ताईकडे दाखवलं, गळ्यावरून बोट फिरवलं. तिला वाटलं असेल मी कापायची धमकी देतेय. पण ती आत आली, ताईकडे नीट बघितलं, तिच्या पाठीवरून हात फिरवला. मग तिची नजर पलंगावर गेली. मी नुकताच बंद करून ठेवलेला कॅमेरा होता. लाल दिवा लागलेला.

त्यानंतर बाईचं काय बिनसलं कोण जाणे. कॅमेऱ्याकडे बोट, माझ्याकडे बोट, परत कॅमेऱ्याकडे. दिव्यावर बोट आपटते. मूठ उघडते, मिटते, उघडते. मानेनं नाही नाही करते. मी म्हटलं, "हो, दिसतंय मला, बंदच आहे, वापरत नाही तर दे असंच ना? देणार नाही." तिला ऐकू येत नाही हे विसरून ओरडले. तिनं पेन शोधायला पिशवीत हात घातला. मी म्हटलं, लिहू नका बाई, वाचायला वेळ नाही, आणि तिला दाराबाहेर काढलं. दार लावलं तरी वाजवत होती. मग गेली.

वाईट वाटलं. तिचा सिनेमा अडलाय माझ्यामुळं. पण तिचे हात पुढच्या आठवड्यातही राहणार आहेत.

ताई पलंगावर बसून सगळं बघत होती. कॅमेऱ्याकडे बघत राहिली बराच वेळ. मी विचारलं, काय गं? म्हणाली, "काही नाही. बाई हुशार आहे."

सोमवार

चष्मेवालीचे फोनावर फोन. शिंपिणीनं चुगली केली असणार. उचलत नाही. मेसेजही आलेत, उघडत नाही. उघडले की कळणार, आणि कळलं की द्यावा लागणार.

रजा काढलीय. ताईनं मला नुसती पळवलं दिवसभर. दूध आण. हे दूध नको, ते दुसऱ्या दुकानातलं आण. गोळी आण. खालच्या म्हातारीला विचारून ये तिचा गुडघा कसा आहे. त्या म्हातारीशी आमचं चार वर्षं बोलणं नाही! मी कॅमेरा उचलून कपाटात ठेवायला गेले तर म्हणाली, "राहू दे माझ्या उशाशी. लाल दिवा बरा दिसतो." म्हटलं, बॅटरी जाते. म्हणाली, "जाऊ दे. परत भर."

मरणाच्या भीतीनं माणूस असं हट्टी होतं का?  गेले म्हातारीचा गुडघा विचारायला. बरा आहे.

बुधवार

उद्या ऑपरेशन. आज शेवटचा दिवस आवाजाचा.

कॅमेऱ्याच्या पडद्यावर काहीतरी उमटलं, डबीसारखं चित्र लुकलुकायला लागलं. शेजारच्या पोरीला विचारलं, ती म्हणाली, कार्ड भरलंय. मी म्हटलं, भरलंय कशानं? माझं तर रिकामंच आहे. ती म्हणाली, नाही काकू, गच्च आहे. काय भरलं असेल ते असो, "पाय आखडले" एवढंच असणार.

मी ताईपुढं बसले. कॅमेरा बाजूला ठेवून दिला आणि रडले. तिच्यापुढं रडायची माझी पद्धत नाही. म्हटलं, "ताई, मला नाही जमलं. तुझं काहीच नाही माझ्याकडे. नको लावू अंगठा माझ्या भरवशावर. तुझं तू ठरव."

तिनं शाईचं बोट वर करून दाखवलं. सकाळीच लावला होता, मी दुधाला गेले तेव्हा नर्सबाई कागद घेऊन आली होती म्हणे. मला काहीच सांगितलं नाही.

मी म्हटलं, "अगं का? मी काही धरलेलंच नाही!"

म्हणाली, "तू गाढव आहेस." मग माझं डोकं मांडीवर घेतलं. बोलत होती काहीबाही, पण इतकं बारीक की मला अर्धं कळलं नाही. मी परत विचारायला हवं होतं. मला वाटलं उद्या सकाळी विचारू. सकाळी तिला काही खायचं प्यायचं नव्हतं, दवाखान्यात नुसती गडबड, बोलायला सवड नाही, ट्रॉली आली. दारातून आत जाताना तिनं हात वर केला आणि कायतरी ओरडली. मधे दुसरी ट्रॉली आडवी आली. मला ऐकू आलं नाही.

(हे गुरुवारी लिहिलं. वर बुधवार आहे ते राहू दे.)

शनिवार

गाठ निघाली. डॉक्टर म्हणतात, छान झालं. छान!

गळ्याला भोक आहे, त्यात नळी. श्वास तिथून. ती माझ्याकडे बघते आणि ओठ हलवते, आणि नळीतून फक्त हवा येते, सायकलच्या ट्यूबमधून येते तशी. तिलाही ते पहिल्यांदा कळलं तेव्हा तिनं तोंडावर हात ठेवला.

मंगळवार

आज कामावर जायला उशीर झाला. उठवायला कोणी नव्हतं. ताई दवाखान्यात आहे हे मला माहीत होतं. तरी मी पडून राहिले हाकेची वाट बघत.

सोमवार

ताई घरी आली. भिंतीकडे तोंड करून झोपते. मी पाटी आणली, अक्षरं गिरवू म्हटलं, मी शिकवते, चौथीपर्यंत येतं मला. तिनं पाटी घेतली आणि खिडकीतून फेकली. खालच्या म्हातारीच्या कुंडीवर पडली. म्हातारी वर आली भांडायला, ताईचा गळा बघितला आणि काही न बोलता पाटी ठेवून गेली. असली दया ताईला सहन होत नाही. मला तरी कुठं होते?

पहाटेही थाप नाही. तिचा हात काही कापलेला नाही, पण नुसती थाप तिला मारायची नसावी.

माझ्या मनात काय येतं ते लिहिते. तिला मरू द्यायला हवं होतं का बोलत बोलत? मी तिला जगवलं ते तिच्यासाठी की मला पहाटे उठवायला कोणी हवं म्हणून? असले विचार मशिनवर असताना येतात. पिळून निघत नाहीत.

गुरुवार

कॅमेरा द्यायला संस्थेत गेले. शिव्या खायची तयारी होती. मान खाली घालून टेबलावर ठेवला आणि म्हटलं, "हे घ्या. माझं नाव काढून टाका. मी सिनेमावाली नाही. आहे तीही संधी वाया घालवली आणि हिचीही." शिंपीण तिथंच होती. तिच्याकडे बघवेना.

चष्मेवाली रागावली नाही. म्हणाली, "मावशी, माझा एक तरी मेसेज उघडलात का?" मी म्हटलं, नाही. तिनं नुसतं कार्ड काढलं आणि म्हणाली, "बसा. आता बघायचं." मी म्हटलं, बघण्यासारखं काही नाही. "बसा म्हटलं ना!" ती पहिल्यांदाच माझ्यासारखं बोलली. बसले.

पडदा उजळला. वाकडी जमीन. पलंगाचा पाय. माझी चप्पल. आणि माझा आवाज, "झालं, बंद केलं."

मग ताई. "हुश्श. मेला एकदाचा. अगं, तुला झग्याचं सांगितलं का?"

मी उठून उभी राहिले. म्हटलं, हे कुठून आलं? हे तर बंद असतानाचं आहे. चष्मेवाली म्हणाली, "मावशी, कॅमेऱ्यात लाल म्हणजे चालू." मी म्हटलं, लाल म्हणजे थांबलेलं. ती म्हणाली, "तुमच्या मशिनचं. ह्याचं उलट." शिंपिणीनं कपाळाला हात लावला आणि मूठ उघडून मिटून दाखवली, उघडून मिटून. ती त्या दिवशी तेच सांगत होती, घेतंय, घेतंय, घेतंय. आणि मी तिला दाराबाहेर काढलं होतं.

बसवून घेतलेलं एकही चित्र नाही. हनुवटी वर करून बसलेली ताई नाही. आई चांगली होती नाही. सगळं छत, पंखा, गादीची शिवण, माझ्या पायाचा अंगठा. आणि वरून तिचा आवाज. भांडतेय, हसतेय, मला नकटी म्हणते त्यावर मी तिला नकटी म्हणते. दर वेळी सुरुवात माझीच, "झालं, बंद केलं." लिफ्टवाला हसून हसून खुर्चीवरून पडायचा राहिला. मलाही हसू आलं आणि त्याच तोंडानं रडू.

मग परत छत. माझा आवाज लांबून, "दूध कुठल्या दुकानातलं?" दार लागलं.

पलंग करकरला. मग ताई, अगदी जवळून, तोंड लावल्यासारखी. 

"गेली का? गेली. ए डोळ्या, ऐक. ती शिंपीण सांगून गेली की तू लाल असलास की जागा असतोस. ह्या बयेला कळलं नाही. मी सांगणार नाही. सांगितलं की लगेच म्हणेल, सरळ बस. तर तुलाच सांगते. मला फार भीती वाटते. तिला म्हटलं तर ती डॉक्टरच्या अंगावर जाईल. म्हणून तुला. झालं, सांगितलं."

खोकली. पाण्याचा पेला वाजला.

"आता हाका. हिला गजरावर उठता येत नाही, लहानपणापासून. ही रोजची." मग भिंतीवर थाप आणि सगळी खोली हादरेल असं, "ए म्हशी, ऊठ, पाणी जाईल!" टायरवाला खालून वर बघायला आला. त्या गेलेल्या घशातून एवढा आवाज कसा काढला असेल कोण जाणे.

"ही तू आजारी असशील तेव्हाची. ए, ऊठतेस का गं? नको उठू. पड जरा." ही हळू होती. "भांडण झालं असेल तेव्हाची हाक नसते, नुसत्या दोन थापा. त्या मला पुढंही येतील. आणि मी मेल्यावरची..." इथं ती थांबली. बराच वेळ पंखाच दिसत होता. "मी मेल्यावरची नाही देणार. तेव्हा आपली आपण ऊठ."

दार वाजलं. माझा आवाज, "त्या दुकानातलं संपलं होतं." आणि ताईचा, अगदी गरीब गाय होऊन, "मग कशाला आणलंस हे? जा, म्हातारीचा गुडघा विचारून ये."

 चष्मेवाली डोळे पुसत म्हणाली, "मावशी, हाच सिनेमा. ह्या हाकांवर संपवायचा." मी म्हटलं, "झगा घ्या, दूध घ्या, माझी नकटीगिरी घ्या, माझा गाढवपणा घ्या. हाका नाही मिळणार." ती म्हणाली, "पण तोच तर जीव आहे त्याचा!" मी म्हटलं, "जीव आहे म्हणूनच. त्या लोकांना बघायला नाहीत, मला उठायला आहेत." ती वाद घालणार होती. शिंपिणीनं तिच्या दंडाला धरलं. ऐकू येत नसलेल्या बाईला कळलं.

हाका माझ्या फोनात घालून दिल्या. कॅमेरा मी शिंपिणीच्या हातात दिला आणि लाल दिव्यावर बोट ठेवून मूठ उघडली, मिटली. ती मोठ्यानं हसली. तिचा आवाज तसा आहे हे मला माहीतच नव्हतं.

घरी आले. ताई भिंतीकडे तोंड करून. म्हटलं, "तुला माहीत होतं! मला दुधाला पळवत होतीस! चार वर्षं न बोललेल्या म्हातारीचा गुडघा विचारायला लावलास!" ती वळली नाही. पण खांदे हलत होते. रडतेय की हसतेय, मागून कळत नाही. फोन तिच्या उशाशी ठेवला आणि कुठं दाबायचं ते दाखवलं. तिनं बघितलंसुद्धा नाही. ते भांडण तसंच ठेवून झोपायला आले.

शुक्रवार

पहाटे जागी होते. डोळे मिटून पडून राहिले. काही होणार नाही असं ठरवून पडले होते, म्हणजे मनाला लागत नाही.

भिंतीवर दोन थापा पडल्या.

मी हलले नाही. मुद्दाम. मग फळ्यांपलीकडे कोणीतरी काहीतरी चुकीचं दाबलं, झग्याची गोष्ट सुरू झाली, बंद झाली, आणि मग, "ए म्हशी, ऊठ, पाणी जाईल!"

"उठले गं!" असं मी ओरडले.

परत थाप. जोरात.